‘हेमाडपंती’ या संज्ञेची चिकित्सा : बुलढाणा जिल्ह्यातील पाषाणशिल्प आणि कारागिराच्या श्रेयाचा प्रश्न

प्रस्तावना

कोणत्याही कुशल व्यवसायात हातांचे श्रम आणि डोक्यातील कल्पना यांची फारकत करता येत नाही. दगड कोठे फोडावा, लाकूड कोणत्या अंगाने चिरावे, चांदी किती तापवावी याचा निर्णय कारागीर घेतो तेव्हा तो विचारच करीत असतो. तथापि या विचाराचे श्रेय कोणाच्या नावावर नोंदले जाते, हा प्रश्न मराठी अभ्यासविश्वात फारसा विचारला गेलेला नाही. श्रमाचे मोल, बलुत्याचे प्रमाण, वतनाचे तंटे यांवर पुष्कळ लिहिले गेले. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथापासून बलुतेदारीची चर्चा सातत्याने होत आली आहे. परंतु या चर्चेत कारागीर मुख्यतः सेवा देणारा आणि मोबदला घेणारा म्हणून येतो. एखादी नवी रीत शोधून काढणारा म्हणून तो क्वचितच येतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका परिचित संज्ञेच्या आधारे करण्यात आला आहे. ती संज्ञा म्हणजे ‘हेमाडपंती’. चुना न वापरता घडीव दगडांनी बांधलेली जुनी वास्तू दिसली की तिला हेमाडपंती म्हणण्याचा प्रघात महाराष्ट्रात सर्वत्र आहे. शालेय पाठ्यपुस्तके, पर्यटन-पुस्तिका, देवस्थानांची माहितीपत्रके, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके आणि काही वेळा संशोधनपर लेखनही हा शब्द निःशंकपणे वापरते. वरवर पाहता हा केवळ वर्गीकरणाचा शब्द आहे. बारकाईने पाहिल्यास मात्र तो श्रेयाचा निवाडाही आहे. एका बांधणीपद्धतीचे श्रेय तो एका प्रधानाला देतो. हा निवाडा कोणत्या पुराव्यावर आधारलेला आहे आणि त्यातून कामाच्या ठिकाणच्या नीतीविषयी कोणता संस्कार होतो, याची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील वास्तू

या चिकित्सेसाठी बुलढाणा जिल्हा विशेष उपयुक्त ठरतो. लोणार येथील दैत्यसूदन मंदिर, लोणार सरोवराच्या काठावरील आणि गावातील अन्य देवालये, मेहकर येथील जुनी धर्मशाळा, सिंदखेडराजा येथील नीलकंठेश्वर मंदिर, चिखली तालुक्यातील सातगाव व अमडापूर येथील अवशेष, तसेच कोथळी येथील मंदिरे ही सर्व सामान्यतः ‘हेमाडपंती’ या एकाच नावाखाली ओळखली जातात. हेन्री कझिन्स याने १८९७ साली मध्य प्रांत व वऱ्हाडातील पुरावशेषांची यादी प्रसिद्ध केली आणि पुढे १९३१ मध्ये दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील त्याचा सविस्तर ग्रंथ निघाला. त्यामुळे या परिसरातील वास्तू अभ्यासकांच्या नजरेस आल्या. ग्रंथाचे शीर्षक देताना कझिन्सने मात्र लोकप्रिय संज्ञेऐवजी ‘मध्ययुगीन’ असा कालवाचक शब्द निवडला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

या वास्तूंचे स्वरूप एकसारखे नाही. दैत्यसूदन मंदिराचा तलविन्यास अनियमित ताऱ्याच्या आकाराकडे झुकणारा आहे. त्याच्या बाह्यभिंती मूर्तींनी व नक्षीने भरलेल्या असून मंडपाच्या छतातही कोरीव शिल्पपट आहेत. मेहकरची धर्मशाळा ही मुळात देवालय नव्हे. तेथे स्तंभांच्या रांगा आणि मोकळे अंगण यांना महत्त्व आहे. काही लहान देवळे तर जवळजवळ निरलंकृत आहेत. हेतू, आकार, अलंकरण आणि काळ यांत इतका फरक असलेल्या वास्तू केवळ ‘चुना नाही’ या एका लक्षणावरून एकाच व्यक्तीच्या नावाखाली आणल्या जातात. वर्गीकरण म्हणून हे पुरेसे नाही, हे प्रथमदर्शनीच स्पष्ट होते.

नाव आणि कालक्रम

हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांच्या दरबारातील मोठा अधिकारी होता. महादेव (सुमारे १२६०–१२७१) आणि रामचंद्र (१२७१–१३११) या दोन राजांच्या कारकिर्दीत तो ‘श्रीकरणाधिप’ होता, म्हणजे राज्याच्या दप्तराची व्यवस्था त्याच्याकडे होती. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा धर्मशास्त्रावरील त्याचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या वैद्यकग्रंथावरील ‘आयुर्वेदरसायन’ ही टीकाही त्याच्या नावावर आहे. मोडी लिपीचा प्रसार आणि बाजरीचे पीक यांचेही श्रेय परंपरा त्याला देते. एवढ्या विस्तृत नामावलीत वास्तुविद्येवरील स्वतंत्र ग्रंथ मात्र नाही.

कालक्रमाचा पुरावा तर अधिक बोलका आहे. अंबरनाथ (जि. ठाणे) येथील शिवमंदिर शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील असून तेथील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. हेमाद्री अधिकारावर येण्यापूर्वी दोनशे वर्षे ही बांधणीपद्धती पूर्ण विकसित झालेली होती, हे त्यावरून सिद्ध होते. बुलढाण्याला लागून असलेल्या अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी येथील शिलालेख शके १०९८, म्हणजे इ.स. ११७६ चा आहे. हाही काळ यादव प्रधान हेमाद्रीच्या पूर्वीचा आहे. या लेखात हेमाद्रिदेव नावाच्या एका राजाचा उल्लेख येतो. तो यादवांचा प्रधान नव्हे, स्वतंत्र व्यक्ती आहे. नामसादृश्यावरून श्रेय ठरविणे किती घातक आहे, हे या एका उदाहरणावरून कळून येते.

तेव्हा हेमाद्रीने ही पद्धती शोधली असे म्हणता येत नाही. तिला त्याने राजाश्रय मिळवून दिला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. दप्तर आणि खर्च ज्याच्या हाती आहे अशा अधिकाऱ्याशिवाय मोठी बांधकामे होत नाहीत, हेही खरे आहे. पण आश्रय देणे आणि रीत शोधणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. ‘हेमाडपंती’ हा शब्द या दोहोंतील भेद पुसून टाकतो.

लोकपरंपरेने या प्रश्नाला दिलेले उत्तरही विचार करण्यासारखे आहे. हेमाडपंत लंकेत गेला, त्याने बिभीषणाला व्याधीतून बरे केले आणि तेथून तो मोडी लिपी व बांधकामाची विद्या घेऊन आला, राक्षसांनी एका रात्रीत देवळे उभी केली, अशा आशयाच्या कथा प्रचलित आहेत. एवढे अवजड दगड एकटा प्रधान उचलू शकत नाही, त्यासाठी अनेक समर्थ हात लागतात, याची जाणीव या कथांना आहे. तथापि ते हात माणसांचे होते असे त्या म्हणत नाहीत. ज्या पाथरवटांनी ही कामे केली त्यांची जागा कथेत राक्षसांनी घेतली आणि कल्पनेचा धनी प्रधानच राहिला.

बांधणीतील कल्पना

श्रेयाची चर्चा करण्यापूर्वी या पद्धतीत नेमकी कल्पना कोणती आहे हे पाहणे आवश्यक आहे. अन्यथा कारागिराचा कैवार हा केवळ भावनेचा भाग ठरेल. दख्खनचा काळा पाषाण हा ज्वालामुखीजन्य असून अतिशय कठीण आहे. तो दाब उत्तम सोसतो, पण आडवा टाकल्यास ताण सोसण्याची त्याची मर्यादा लवकर येते. त्यामुळे दोन खांबांमधील अंतर तुळईच्या ताकदीवर ठरते. मंडप मोठा हवा असेल तर खांबांची संख्या वाढवावी लागते, किंवा छत क्रमाक्रमाने आत सरकणाऱ्या थरांनी मिटवावे लागते. चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरप्या शिळा ठेवून लहान चौकोन साधणे, त्यावर पुन्हा तीच रचना करणे आणि शेवटी एका शिळेने छत बंद करणे, ही युक्ती या मंदिरांत वारंवार आढळते.

चुना नसल्याने शिळा जागेवर राहण्याचा भार तीन गोष्टींवर पडतो : शिळेचे स्वतःचे वजन, दोन शिळांच्या पृष्ठभागांची अचूक जुळणी, आणि एकीत खाच व दुसरीत कुसू ठेवून केलेला सांधा. यांतील प्रत्येक गोष्ट शिळा वर चढविण्यापूर्वीच निश्चित करावी लागते. चुन्याच्या बांधकामात सांध्यातील लहान चूक गिलाव्याखाली झाकता येते. कोरड्या बांधकामात ती सोय नाही. गुण्या, ओळंबा आणि सूत यांच्या साहाय्याने जमिनीवर घडविलेली शिळा वर बरोबर बसली पाहिजे. याचा अर्थ असा की संपूर्ण वास्तूची मांडणी कोणाच्या तरी मनात, किंवा एखाद्या फरशीवर ओढलेल्या रेषांत, आधी पूर्ण झालेली असली पाहिजे.

अशा रेषांचा प्रत्यक्ष पुरावा भोपाळजवळील भोजपूर येथे उपलब्ध आहे. तेथील अकराव्या शतकातील अपूर्ण शिवमंदिराच्या आसपासच्या खडकांवर स्तंभ, तलविन्यास आणि शिखर यांच्या आकृत्या कोरलेल्या असून दगडांवर कारागिरांच्या खुणाही आढळतात. मंदिर अपूर्ण राहिल्यामुळे ही कामाची जागा जशीच्या तशी टिकली. पूर्ण झालेल्या मंदिरांच्या बाबतीत अशी साधने काम संपताच नाहीशी होतात आणि उरते ते फक्त बांधून घेणाऱ्याचे नाव.

यावरून एक महत्त्वाचा मुद्दा हाती येतो. कोरड्या सांध्याची कल्पना ही दरबारात बसून सुचणारी कल्पना नव्हे. ती दगडाच्या स्वभावाशी झालेल्या दीर्घ परिचयातूनच निर्माण होऊ शकते. येथे कल्पना आणि कौशल्य ही एकाच अनुभवाची दोन अंगे आहेत. कल्पना अधिकाऱ्याची आणि अंमलबजावणी कारागिराची, ही विभागणी या पद्धतीच्या रचनेशीच विसंगत आहे.

ग्रंथ, लेख आणि कारागिराचे नाव

प्राचीन व मध्ययुगीन भारतात कारागिराचे नाव नोंदविण्याची कल्पनाच नव्हती, असे विधान वारंवार केले जाते. हे विधान पुराव्यावर टिकत नाही. वास्तुशास्त्रीय ग्रंथांनी स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक असे चार अधिकारभेद सांगितले आहेत. मांडणी करणारा, मापे पाहणारा, जोडणी करणारा आणि घडविणारा अशी ही उतरंड आहे. म्हणजे कामाच्या जागी कोणाची कोणती जबाबदारी याची स्पष्ट जाणीव त्या काळात होती.

यादवांचे शेजारी व प्रतिस्पर्धी असलेल्या होयसळांच्या राज्यात तर शिल्पकारांनी आपल्या मूर्तींखाली नावे कोरली. बेलूर येथील चेन्नकेशव मंदिर १११७ साली प्रतिष्ठापित झाले. तेथे बळ्ळिगावे येथील दासोज व त्याचा मुलगा चावण यांची नावे आढळतात. सोमनाथपूर येथील तेराव्या शतकातील केशव मंदिरात मल्लितम्म या शिल्पकाराची स्वाक्षरी अनेक मूर्तींवर आहे. विशेष म्हणजे हे मंदिर बांधवून घेणारा सोमनाथ हा होयसळांचा दंडनायक होता आणि गावाला त्याचेच नाव मिळाले. आश्रयदात्याचे नाव गावाला आणि शिल्पकाराचे नाव मूर्तीला, अशी ही व्यवस्था आहे. एकाच्या सन्मानाने दुसऱ्याचा सन्मान कमी झाला नाही.

होयसळ शिल्पांचा दगड मऊ असल्याने तेथे अक्षरे कोरणे सोपे होते, असा खुलासा यावर करता येईल. परंतु दैत्यसूदनाच्या भिंतीवर ज्यांनी काळ्या पाषाणात मूर्तींचे अलंकार कोरले त्यांना चार अक्षरे कोरणे अवघड होते, असे मानता येत नाही. अडचण दगडाची नव्हती. ती प्रथेची, परवानगीची किंवा साक्षरतेची असावी. यांपैकी कोणतेही कारण धरले तरी ते कामाच्या ठिकाणच्या सत्तासंबंधांकडेच निर्देश करते.

या संदर्भात आणखी तीन उदाहरणे पाहता येतील. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या लेखात प्रमुख स्थपतीचा उल्लेख ‘कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन’ असा येतो. त्याचे नाव नोंदले गेले हे खरे, पण त्या नावातच राजराज या राजाचे नाव मिसळलेले आहे. वेरूळच्या कैलास लेण्याविषयी राष्ट्रकूट शाखेतील कर्कराजाच्या इ.स. ८१२ च्या बडोदे ताम्रपटात, ते काम पाहून प्रत्यक्ष निर्माता शिल्पीही विस्मित झाला, असे वर्णन आहे. शिल्प्याचा विस्मय नोंदविणाऱ्या त्या ताम्रपटाने शिल्प्याचे नाव मात्र नोंदविले नाही. पुढे मराठी कथापरंपरेने पैठणच्या कोकस या कारागिराचे नाव कैलासाशी जोडले. ऐतिहासिक दृष्ट्या त्याचा निर्णय कठीण असला, तरी राजलेखाने मोकळी ठेवलेली जागा कथेने एका कारागिराला द्यावी, ही बाब महत्त्वाची आहे. तिसरे उदाहरण ‘समरांगणसूत्रधार’ या वास्तुग्रंथाचे. सूत्रधारांच्या विद्येचा हा ग्रंथ धारच्या भोज राजाच्या नावावर आहे. अनेक पिढ्यांच्या सूत्रधारांनी साठविलेले ज्ञान राजाच्या नावाने ग्रंथबद्ध झाले.

हेमाद्रीच्या भोवतीच या प्रश्नाची दुसरी बाजूही दिसते. त्याचा आश्रित बोपदेव याने ‘हरिलीला’ हा ग्रंथ हेमाद्रीच्या संतोषासाठी रचला. आश्रय हेमाद्रीचा असला तरी ग्रंथ बोपदेवाच्याच नावाने ओळखला जातो. लेखणीचा व्यवसाय करणाऱ्या आश्रिताचे नाव टिकले. टाकी व हातोडा यांचा व्यवसाय करणाऱ्या आश्रितांचे टिकले नाही. एकाच प्रधानाच्या छत्राखालील हा भेद आपल्या ज्ञानव्यवहाराचे स्वरूप स्पष्ट करतो.

दोन आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, कोरड्या सांध्याची पद्धती ही कोणा एकाची निर्मिती नसून ती परंपरेची निर्मिती आहे. ज्याचा एक कर्ता नाही त्याचे श्रेय कोणाला द्यावयाचे? हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. एखादा अज्ञात ‘आद्य पाथरवट’ कल्पून त्याला हेमाद्रीच्या जागी बसविणे ही तितकीच अनैतिहासिक गोष्ट ठरेल. परंतु कर्ता सामूहिक आहे याचा अर्थ कर्ता नाही असा होत नाही. समूहाने निर्माण केलेली रीत व्यक्तीच्या नावावर, तीही समूहाबाहेरील व्यक्तीच्या नावावर मांडणे, हे याच आक्षेपाच्या तर्कात बसत नाही. परंपरेचे श्रेय परंपरेला द्यावयाचे असेल तर प्रथम ‘हेमाडपंती’ हे नावच सोडावे लागेल.

दुसरा आक्षेप असा की, नाव ही केवळ सोय असते. मंदिराला हेमाडपंती म्हटल्याने सात-आठ शतकांपूर्वीच्या पाथरवटाचे आज काय नुकसान होते? मृत कारागिराचे नुकसान होत नाही, हे खरे. नुकसान होते ते आज शिकणाऱ्याचे. काम अनेकांनी करावयाचे आणि नाव अधिकाऱ्याचे लागावयाचे, ही गोष्ट त्याला इतिहासाच्या पहिल्या धड्यापासून स्वाभाविक वाटू लागते. पुढे कार्यालयात, कार्यशाळेत किंवा प्रयोगशाळेत तोच व्यवहार दिसला की त्याला त्यात अन्याय जाणवत नाही.

अभ्यासकांनी सुचविलेले पर्यायही या दृष्टीने तपासले पाहिजेत. ‘यादवकालीन’ ही संज्ञा कालदृष्ट्या अधिक काटेकोर असली तरी ती पुन्हा राजवंशाचेच नाव देते. शिखराच्या एका प्रकारासाठी वापरली जाणारी ‘भूमिज’ ही संज्ञा मात्र वास्तुविद्येच्या परंपरेतूनच आलेली आहे. तेथे नाव आकारावरून पडले आहे, आश्रयदात्यावरून नव्हे. बांधणीच्या तंत्रासाठी ‘बिनचुन्याची घडीव दगडी बांधणी’ असा साधा शब्दप्रयोग करता येईल. तो लांब असला तरी खोटा नाही.

वर्तमान व्यवहार आणि कायदा

हा प्रश्न केवळ मध्ययुगीन नाही, याचे ठळक उदाहरण विदर्भातच घडले. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे यांना १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ या वाणाच्या धानात काही वेगळ्या लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, अनेक हंगाम स्वतंत्र लावल्या आणि त्यातून बारीक दाण्याचा जो वाण सिद्ध झाला तो त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून ‘एचएमटी’ म्हणून प्रसिद्ध झाला. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाने या वाणाचे बियाणे नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित झाला. मूळ वाणाचे शुद्धीकरण करून नवा वाण सिद्ध केला, अशी विद्यापीठाची भूमिका होती. शुद्धीकरण हे शास्त्रीय काम आहे आणि त्याचेही श्रेय आहेच. प्रश्न होता तो मूळ निवड करणाऱ्या शेतकऱ्याचे नाव त्या वाणाबरोबर का राहिले नाही, हा. पुढे नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने २००५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव केला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. गौरव मिळाला, पण मधल्या वर्षांत जो वाण दूरवरच्या शेतांत पोहोचला त्याचे आर्थिक फळ त्यांच्या पदरी पडले नाही.

हेमाडपंती मंदिर आणि एचएमटी तांदूळ यांत सात शतकांचे अंतर आहे. तरीही श्रेय सरकण्याची रीत सारखी आहे. ज्याच्याजवळ दप्तर आहे, नाव देण्याचा अधिकार आहे, प्रसिद्धीचे साधन आहे, त्याच्याकडे श्रेय जाते. यासाठी कोणी जाणूनबुजून चोरी करावी लागते असे नाही. नोंद ठेवणाऱ्याने दुसऱ्या नावासाठी रकाना ठेवला नाही, एवढे पुरेसे होते.

कायद्याने या बाबतीत काही पावले टाकली आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ ने कर्त्याला, हक्क विकल्यानंतरही, आपल्या कृतीचे कर्तेपण सांगण्याचा अधिकार दिला. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांच्या विज्ञान भवनातील कांस्यशिल्पाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा नैतिक हक्क शासनाविरुद्धही मान्य केला. १९७० च्या पेटंट कायद्यात, हक्क दुसऱ्याच्या मालकीचा असला तरी, शोधकर्त्याचे नाव नमूद करण्याची तरतूद आहे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला वाणाचा निर्माता म्हणून स्थान दिले. १९९९ च्या भौगोलिक उपदर्शन कायद्याने प्रदेशाच्या नावाला संरक्षण दिले. मात्र या सर्व तरतुदी विशिष्ट कृती, शोध, वाण किंवा वस्तू यांच्यापुरत्या आहेत. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नाही. कार्यशाळेत एखाद्या कारागिराने सांधा बसविण्याची नवी युक्ती सुचविली आणि मालकाने ती आपली म्हणून सांगितली, तर कायदा सहसा तेथे पोहोचत नाही. तेथे व्यवसायाची नीतीच काम करू शकते.

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव हे शहर चांदीच्या व्यापारासाठी रजतनगरी म्हणून प्रसिद्ध आहे. चांदीच्या वस्तूवर शुद्धतेची खूण असते, पेढीचे नाव असते आणि ग्राहक त्या दोहोंवर विश्वास ठेवतो. हा विश्वास व्यापाराचा पाया आहे, यात शंका नाही. तथापि नक्षी कोणाच्या हातची आणि घडणीतील नवी रीत कोणाची, हे वस्तूवरून कळत नाही. शुद्धतेची हमी आणि पेढीची पत यांच्या जोडीला घडविणाऱ्याची खूणही असू शकते, हे सोमनाथपूरच्या मूर्ती पाहिल्यावर मान्य करावे लागते.

समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष मांडता येतात. ‘हेमाडपंती’ ही संज्ञा कालक्रमाच्या दृष्टीने सदोष आहे, कारण त्या पद्धतीच्या वास्तू हेमाद्रीपूर्वी किमान दोनशे वर्षे आढळतात. वर्गीकरणाच्या दृष्टीने ती अपुरी आहे, कारण ती भिन्न हेतूंच्या व भिन्न आकारांच्या वास्तू एकत्र करते. आणि श्रेयाच्या दृष्टीने ती अन्याय्य आहे, कारण दगडाच्या दीर्घ अनुभवातून निर्माण झालेली रीत ती दप्तराच्या अधिकाऱ्याला देते.

हेमाद्रीचे महत्त्व कमी करणे हा या चिकित्सेचा उद्देश नाही. ‘चतुर्वर्गचिंतामणी’चा कर्ता आणि यादवांचा श्रीकरणाधिप म्हणून त्याचे स्थान अबाधित आहे. आश्रय, नियोजन आणि निर्मिती ही तीन स्वतंत्र श्रेये असून प्रत्येकाची नोंद स्वतंत्र झाली पाहिजे, एवढाच आग्रह येथे आहे. निर्मात्याचे नाव सापडत नसेल तेथे ‘अज्ञात’ असे लिहावे. ‘अज्ञात’ हा शब्द संशोधनाची जागा मोकळी ठेवतो. सोयीचे नाव ती जागा बंद करते.

लोणार, मेहकर, सातगाव किंवा सिंदखेडराजा येथे महाविद्यालयांच्या अभ्याससहली नियमित जातात. तेथे विद्यार्थ्यांनी राजवंशाचे नाव वहीत उतरवून घेण्याबरोबर सांध्याच्या खाचा पाहाव्यात, तुळयांची लांबी मोजावी, शिळांवर काही खुणा आहेत का याचा शोध घ्यावा आणि आज दगडाचे काम करणाऱ्या स्थानिक पाथरवटाला सोबत घेऊन त्याचे निरीक्षण त्याच्या नावानिशी प्रकल्पात नोंदवावे. त्या प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर मार्गदर्शक प्राध्यापकाचे नाव येईलच. ज्या विद्यार्थ्यांनी मापे घेतली त्यांची आणि ज्याने दगड वाचून दाखविला त्या पाथरवटाचीही नावे त्याच पानावर आली पाहिजेत. महाविद्यालयातील ज्ञानव्यवहारालाही श्रेयाची तीच कसोटी लागू आहे आणि तिचे पालन प्राध्यापकवर्गाने स्वतःच्या लेखनापासून करावयाचे आहे.